टेम्सकाठचं ॲडेल्फी: अकरा घरांची रांग आणि एक सोडत

मार्च १७७४ मध्ये लंडनमध्ये घरांची एक सोडत निघाली. तिकिटं ४,३७०, प्रत्येकी ५० पौंडांचं, आणि बक्षिसं १०८. घरांची सोडत म्हटली की आपल्याला म्हाडा आठवते. तिथे नड असते घर घेणाऱ्याची. इथे नड होती बांधणाऱ्यांची. २,१८,५०० पौंड उभे राहिले नसते तर त्यांच्या घराण्याचं दिवाळं वाजलं असतं. आणि हे बांधणारे कुणी हौशी, नवखे बिल्डर नव्हते. रॉबर्ट ॲडम आणि त्याचे भाऊ म्हणजे त्या काळातल्या ब्रिटनमधलं वास्तुकलेतलं मोठं नाव. रॉबर्टने राजाचा वास्तुकार म्हणून काम केलं होतं आणि सोडतीच्या वेळी तो खासदारही होता.

या प्रकरणाकडे सहसा दोनपैकी एका बाजूने पाहिलं जातं. वास्तुकलेचा इतिहास सांगणारे छतावरच्या नक्षीबद्दल बोलतात, पैशाचा इतिहास सांगणारे १७७२ च्या आर्थिक संकटाबद्दल. मला दोन्ही एकत्र पाहायचं आहे. जॉर्जियन काळातलं, म्हणजे अठराव्या शतकापासून ब्रिटनवर राज्य केलेल्या जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातलं, शहरी घर हे एकाच वेळी कलाकृती होतं आणि विक्रीचा माल होता. ॲडेल्फी या ॲडम भावांच्या प्रकल्पात, ज्याच्या घरांची ही सोडत होती, या दोन गोष्टींची गाठ सुटली, म्हणून ती गाठ कशी होती तेही तिथेच दिसतं.

आधी हे घर कसं असायचं ते पाहू. लंडनमध्ये जमीन सहसा एखाद्या उमरावाच्या मालकीची. तो ती विकत नसे, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने देत असे. पट्टा घेणारा बिल्डर पहिली काही वर्षं नाममात्र भुईभाडं भरी, तेवढ्यात घराचा सांगाडा उभा करी, आणि गिऱ्हाईक मिळालं की आतलं काम पुरं करून पट्टा त्याच्या नावावर लावून मोकळा होई. सुतार, गवंडी, नळकाम करणारे अशी साधी माणसंही एकेका घरापुरती बिल्डर बनत आणि एकमेकांना पैशाऐवजी कामाने फेड करत. प्लॉट अरुंद, वीस-तीस फूट रुंदीचा, पण खोल. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक. स्वयंपाकघर तळघरात, नोकर पोटमाळ्यावर, आणि पाहुण्यांसाठीचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर, म्हणून त्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच. बाहेरून विटांची सपाट भिंत आणि तिच्यात मापात बसवलेल्या खिडक्या. अशा घराला थाट आणायचा तर जागा दोनच उरतात: आतली छतं-भिंती, आणि सगळी रांग मिळून दिसणारी दर्शनी बाजू.

प्राचीन ग्रीक-रोमन कलेवर बेतलेली नवअभिजात (निओक्लासिकल) शैली नेमकी या दोन जागांसाठी बनवल्यासारखी होती. रॉबर्टच्या आधीच्या पिढीवर पलाडिओ या इटालियन वास्तुकाराचा पगडा होता. ते लोक रोमन देवळाच्या बाहेरचे जड खांब, जाड कंगोरे, दारावरची त्रिकोणी शिखरं उचलून घराच्या आत आणत. मोठ्या हवेलीत ते खपून जाई. वीस फूट रुंद खोलीत मात्र माणसाचा जीव घुसमटे. १७५५ ते १७५७ रॉबर्ट इटलीत होता. हर्क्युलेनियम आणि पॉम्पेईच्या उत्खननांमुळे रोमन लोकांची राहती घरं आतून कशी होती हे तेव्हा पहिल्यांदाच नीट दिसू लागलं होतं. त्याच्या ध्यानात आलं की खुद्द रोमन माणूस आपल्या घरात देऊळ बांधत नव्हता. तिथली सजावट पातळ, हलकी, रंगीत होती.

मग ॲडम भावांनी ती हलकी सजावट लंडनच्या घरात आणली. चुन्या-जिप्समच्या गिलाव्यात जेमतेम उठावाची नक्षी, फिकट हिरवा, गुलाबी, निळा रंग, मध्ये अँटोनियो झुक्की किंवा त्याच्यासारख्या चित्रकाराने रंगवलेले गोल-चौकोनी तुकडे. छतावरची आकृती कधी गालिच्यावर उतरे, चिमणीच्या चौकटीवर येई, दाराच्या मुठीवरही. खोलीचा एक टोकाचा भाग अर्धगोल करायचा, कुठे दोन खांबांचा आडोसा घालायचा, म्हणजे अरुंद घरातही एका खोलीतून दुसरीत जाताना आकार बदलत राहतो. भावांनी स्वतः याला ‘गती’ म्हटलं. माझ्या मते शैलीच्या यशाचं खरं कारण पुरातनाचं प्रेम जेवढं, तेवढंच हेही आहे की ही सजावट जागा खात नव्हती. एक-दीड इंचाच्या उठावात महालाचा भास होई. शिवाय साच्यातून काढता येणारी नक्षी एका घरात वापरली तशी दहा घरांत वापरता येई, आणि रांगेने घरं बांधणाऱ्याला यापेक्षा काय हवं!

इटलीहून परतताना, १७५७ च्या उन्हाळ्यात, रॉबर्टने एड्रियाटिक समुद्राकाठच्या स्प्लिटला पाच आठवडे मुक्काम केला. चार्ल्स-लुई क्लेरिसो हा फ्रेंच चित्रकार-वास्तुकार आणि दोन आरेखक सोबत. सम्राट डायोक्लिशनच्या राजवाड्याचे अवशेष त्यांनी मोजले. गावाचा कारभार व्हेनिसकडे होता आणि हे लोक तटबंदीची टेहळणी करताहेत असा तिथल्या अधिकाऱ्यांना संशय होता, म्हणून घाईघाईने काम उरकावं लागलं. १७६४ मध्ये त्याचा भव्य ग्रंथ निघाला. त्या राजवाड्याची पाण्याकडची बाजू म्हणजे खाली भक्कम कमानींची तळघरं आणि त्यांच्यावर समुद्राकडे तोंड करून उभी लांबलचक ओळ. ही प्रतिमा रॉबर्टच्या डोक्यातून गेली नाही.

लंडनमध्ये तशी जागा त्याला स्ट्रँड रस्त्याच्या दक्षिणेला सापडली. डरहमच्या बिशपचा जुना वाडा कधीचा ढासळला होता. उरलं होतं ते डरहम यार्ड: पडकी घरं, कोळशाच्या वखारी, आणि टेम्सकडे उतरत जाणारा चिखलाचा उतार. १७६८ मध्ये भावांनी ही जागा सेंट अल्बन्सच्या ड्यूककडून ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली, वर्षाला १,२०० पौंड भुईभाड्याने. प्रकल्पाला नाव दिलं ॲडेल्फी, ग्रीकमध्ये भाऊ-भाऊ. रस्त्यांनाही स्वतःचीच नावं: जॉन, रॉबर्ट, जेम्स, विल्यम आणि ॲडम.

योजना धाडसाची होती आणि कागदावर ती जमतही होती. उताराच्या तळाशी धक्का बांधायचा. धक्क्यावर विटांच्या प्रचंड कमानी, आत वखारी आणि गाड्या जातील असे भूमिगत रस्ते. कमानींच्या माथ्यावर, स्ट्रँडच्या पातळीला, नदीकडे तोंड करून अकरा घरांची एक रांग: रॉयल टेरेस. मागे आणखी घरांचे रस्ते. ओझी वाहणाऱ्या गाड्या खाली, पालख्या आणि बग्ग्या वर. शहरातली वाहतूक दोन पातळ्यांवर वेगळी करण्याची ही कल्पना आजही नवी वाटावी अशी आहे. दर्शनी बाजूचे भित्तिस्तंभ इतके पातळ की भिंतीवर फीत लावल्यासारखे, आणि त्यांच्यावर पंख्यासारख्या उलगडणाऱ्या पाकळ्यांची नक्षी.

हिशेब असा होता की कमानींखालच्या वखारी सरकार दारूगोळा साठवायला भाड्याने घेईल. ते ठरावीक उत्पन्न येत राहील आणि वरची घरं सावकाश, चांगल्या भावाने विकता येतील. हा करार हातात नव्हता. तो होईल असं गृहीत धरून काम सुरू झालं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रकरणाचा कणा इथे आहे. त्याच वर्षांत, १७६७ ते १७७४, बाथ शहरात धाकटा जॉन वुड रॉयल क्रेसेंट बांधत होता. चंद्रकोरीच्या आकारात ३० घरं आणि समोर ११४ खांब. पण वुडने काय केलं? दर्शनी बाजूचा आराखडा ठरवून दिला आणि प्लॉट वेगवेगळ्या बिल्डरांना वाटले. प्रत्येकाने समोरून आराखडा पाळायचा, आत-मागे हवं ते करायचं. म्हणून आजही क्रेसेंटच्या मागच्या बाजूला गेलं तर छतं, खिडक्या, खोली, काहीच एका मापाचं नाही. बघायला विस्कळीत, पण एखादा बिल्डर बुडाला तर त्याचं घर बुडतं, क्रेसेंट बुडत नाही. ॲडम भावांनी असं वाटप केलं नाही. वास्तुकार तेच, विकासक तेच, कंत्राटदारही तेच. विल्यम ॲडम अँड कंपनी ही त्यांची स्वतःची पेढी विटा, लाकूड, स्कॉटलंडच्या खाणींतला दगड पुरवी. नफा घरातच राहणार होता, आणि तोटाही.

पहिला अडथळा पाण्याचा. नदीच्या पात्रात भराव घालायचा तर टेम्सवरचा हक्क लंडन शहर महापालिकेचा. तिने कडाडून विरोध केला. प्रकरण संसदेत गेलं आणि १७७१ मध्ये भावांच्या बाजूने कायदा झाला. राजदरबारातल्या स्कॉटिश वजनामुळे झाला असं लंडनकरांचं ठाम मत. स्कॉटलंडहून आलेल्या चार भावांनी लंडनची नदी चोरली, अशा आशयाच्या कविता छापल्या गेल्या. मजूरही भावांनी स्कॉटलंडहून आणले होते आणि ते बॅगपाइपच्या सुरावर काम करत असं सांगतात.

दुसरा अडथळाही पाण्याचाच, आणि त्यावर कायदा चालत नव्हता. मोठ्या भरतीला टेम्सचं पाणी वखारींत शिरू लागलं. दारूगोळ्याला ओल म्हणजे संपलंच. सरकारने वखारी घेतल्या नाहीत. ज्या उत्पन्नावर सगळा डोलारा उभा होता ते आलंच नाही. घरांचं मात्र कौतुक होत होतं. नटसम्राट म्हणावा असा डेव्हिड गॅरिक १७७२ च्या मार्चमध्ये टेरेसवरच्या पाच नंबरच्या घरात राहायला आला. त्याच्या दिवाणखान्याच्या छतावर झुक्कीची चित्रं होती.

मग जून उजाडला. लंडनमधल्या एका बँकेचा भागीदार अलेक्झांडर फोर्डाइस फ्रान्सला पळाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरचा भाव उतरेल असा सट्टा त्याने लावला होता आणि तो अंगाशी आला होता. त्याची बँक बसली, पाठोपाठ स्कॉटलंडमधली एअर बँक, आणि तिच्या हुंड्यांवर जगणाऱ्या कितीतरी पेढ्या. ज्या कंपनीच्या शेअरवर लंडनमध्ये हे जुगार चालले होते, तिच्या ताब्यातल्या बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात माणसं लाखांनी मेली होती. टेम्सकाठच्या छतांवरच्या गुलाबी-हिरव्या रंगांबद्दल वाचताना हा संदर्भ मला बाजूला ठेवता येत नाही.

ॲडम भाऊ कर्जावर बांधत होते आणि कर्जाचे झरे एका आठवड्यात आटले. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने २७ जूनला अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथला लिहिलेल्या पत्रात भावांबद्दल, विशेषतः थोरल्या जॉनबद्दल, हळहळ व्यक्त केली आहे. (स्मिथ या भावांचा नातेवाईक नव्हे, पण रॉबर्टसारखाच किर्कॉल्डी गावचा.) त्यांना ३,००० कामगार काढावे लागणार, मजुरी आणि सामान मिळून त्यांचा वर्षाचा खर्च एक लाख पौंडांच्या वर होता, इतका पसारा कशानेच पेलला गेला नसता, असं ह्यूम म्हणतो. जॉन एडिंबराला राहून घराण्याची मालमत्ता सांभाळत होता. ॲडेल्फीतली एक वीटही त्याने स्वतः रचली नसेल, पण भागीदार म्हणून वडिलोपार्जित इस्टेट गहाण पडली ती त्याची. संयुक्त कुटुंबाच्या धंद्यात वाढलेल्या कुणाही मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

रॉबर्टने जमवलेल्या चित्रांचा आणि पुराणवस्तूंचा संग्रह लिलावात गेला. तेवढ्याने भागणार नव्हतं. घरं तयार होती पण घाईने काढली तर मातीमोल जाणार, म्हणून सोडतीची कल्पना निघाली. सोडतीला संसदेची परवानगी लागे. ती १७७३ मध्ये मिळाली. तिकिटं खपली, पेढी तरली. मला यात रॉबर्टची हुशारी दिसते तशी हतबलताही दिसते: आपण बांधलेल्या रांगेतलं कुठलं घर कुणाला जाईल हे त्याने एका चिठ्ठीवर सोडलं. याच १७७३ मध्ये रॉबर्ट आणि जेम्सने आपल्या कामांच्या छापील संचाचे भाग काढायला सुरुवात केली. त्यातला सूर विजयाचा आहे. देशाच्या वास्तुकलेत आम्ही क्रांती केली असा. पेढी टांगणीला लागलेली असताना हे लिहायला छाती लागते. श्रीमंत गिऱ्हाइकांनी आपल्याकडे पाठ फिरवू नये हा त्यामागचा हेतू असणार, असं मला वाटतं.

गिऱ्हाइकांनी पाठ फिरवलीही नाही. लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरमधलं २० नंबरचं घर रॉबर्टने १७७५ च्या सुमारास हाती घेऊन होम या उमराव घराण्याच्या काउंटेससाठी पुरं केलं, आणि तिथला वरून उजेड घेणारा गोल जिना हे त्याच्या शहरी घरांमधलं शिखर आहे. या बाईंची संपत्ती जमैकातल्या गुलामांच्या मळ्यांतून आली होती. मात्र तिथे पैसा दुसऱ्याचा होता आणि रॉबर्टला फक्त रेघ मारायची होती.

एक प्रकरण पोटात आणखी आहे, ते गिलाव्याचं. जॉन लियार्डे नावाच्या पाद्र्याने तेलमिश्रित गिलाव्याचं पेटंट घेतलं होतं आणि भावांनी त्याचे हक्क विकत घेतले. स्वस्त विटेवर दगडासारखी नक्षी उठवता आली तर नवअभिजात घर आणखी स्वस्त पडणार होतं. दुसऱ्या एकाने तसाच गिलावा विकायला काढला तेव्हा १७७८ मध्ये खटला झाला. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड, स्वतः स्कॉटिश आणि रॉबर्टचं जुनं गिऱ्हाईक. त्याचं केनवुड हाउस रॉबर्टनेच नव्याने सजवलं होतं. लोकांनी तोंडात बोटं घातली. शोधाचं वर्णन इतकं स्पष्ट हवं की दुसऱ्याला त्यावरून ती वस्तू बनवता यावी, हे तत्त्व रुजवण्यात या खटल्याचा मोठा हात आहे आणि पेटंट कायदा शिकणारे आजही तो वाचतात. निकाल भावांच्या बाजूने लागला. गिलावा मात्र पुढे भिंती सोडू लागला.

टीका अर्थातच झाली. होरेस वॉलपोल या लेखकाने ॲडेल्फीला कशिदा चढवलेल्या वखारी म्हटलं. टोमणा म्हणून ते खरं आहे, खाली वखारीच होत्या. पण मला वॉलपोलचं म्हणणं अर्धवट वाटतं, कारण वखार आणि महाल एकाच इमारतीत मांडणं हीच इथली कल्पना होती. आणि ती कल्पना चुकीची नव्हती याचा पुरावा थोड्याच अंतरावर उभा आहे. सर विल्यम चेंबर्स हा रॉबर्टचा प्रतिस्पर्धी. रॉयल अकॅडमीच्या संस्थापकांपैकी एक, तर रॉबर्ट त्या अकॅडमीत कधीच नव्हता. १७७६ मध्ये चेंबर्सने त्याच नदीकाठी सॉमरसेट हाउस सुरू केलं. खाली पाण्यात उतरणाऱ्या कमानी, वर लांब सज्जा, त्यावर भव्य ओळ: मांडणी बरीचशी तीच. फरक एवढाच की तिथे खर्च सरकारी तिजोरीतून होत होता आणि भाडेकरू आधीच ठरलेले होते, सरकारी खाती.

रॉबर्टच्या शेवटच्या मोठ्या शहरी कामाकडे पाहिलं की १७७२ चा उन्हाळा त्याला किती भोवला होता याचा अंदाज येतो. १७९१ मध्ये एडिंबराच्या नगरपालिकेने शार्लट स्क्वेअरसाठी त्याच्याकडून दर्शनी बाजूंचे आराखडे करून घेतले. घरं ज्याची त्याने बांधायची, पण आराखड्याबाहेर जायचं नाही. म्हणजे बाथचीच पद्धत. ३ मार्च १७९२ ला रॉबर्ट गेला, त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं, आणि चौक त्याच्या मागे सावकाश, १८२० पर्यंत, बांधून पुरा झाला. त्याची उत्तरेकडची बाजू अखंड महालासारखी दिसते. लंडनमध्ये कंपनी रेंगाळली आणि १८०१ मध्ये तिचं दिवाळं निघालंच.

ॲडेल्फीच्या घरांचं पुढे काय झालं? गॅरिक १७७९ मध्ये आपल्या घरातच वारला आणि त्याची बायको एव्हा मारिया त्यानंतर ४३ वर्षं तिथेच राहिली, १८२२ मध्ये मरेपर्यंत. १८६० च्या दशकात व्हिक्टोरिया एम्बँकमेंटचा भराव पडला आणि नदी टेरेसपासून दूर गेली. धक्का कोरड्यावर आला. १८७२ मध्ये कुणाला तरी सुचलं म्हणून दर्शनी बाजूवर सिमेंटचा गिलावा आणि मध्यभागी एक जड त्रिकोणी शिखर चढलं. म्हणजे रॉबर्टने जे काढून टाकण्यात हयात घालवली तेच त्याच्या माथी बसलं. १९३६ मध्ये टेरेस पाडली, कार्यालयांच्या मोठ्या इमारतीसाठी. तो धक्का जाणत्या लोकांना बसला आणि पुढच्याच वर्षी जॉर्जियन इमारती वाचवण्यासाठी जॉर्जियन ग्रुप स्थापन झाला. ॲडम भावांची काही घरं आजही ॲडम स्ट्रीटवर, रॉबर्ट स्ट्रीटवर आहेत, आणि जॉन ॲडम स्ट्रीटवर सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेसाठी रॉबर्टने बांधलेली इमारत अजून त्याच संस्थेकडे आहे. ॲडम स्ट्रीटच्या सात नंबरवर पाकळ्यांच्या नक्षीचे ते पातळ भित्तिस्तंभ जवळून पाहता येतात.

गॅरिकच्या दिवाणखान्याचं छत तुकड्यांनी उतरवून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नेलं गेलं. तिथे ते एका दालनात वर लावलं आहे. खाली घर नाही, समोर नदी नाही. आणि स्ट्रँडजवळ लोअर रॉबर्ट स्ट्रीट नावाचा एक छोटा रस्ता जमिनीखाली वळत जातो. वर काळसर विटांच्या कमानी. सरकारने नाकारलेल्या वखारींच्या जाळ्यातला हा उरलेला भाग, आणि त्यातून अजून गाड्या जातात.